उसनं विरजण

"ताई, नवीन स्ट्रेन खराब आलीय," मनाली म्हणाली, आणि माझ्या हातातला कप बशीत टेकता टेकता लवंडला. एवढंच झालं. मंगळवार, सकाळचे सव्वादहा, मार्च महिना. एसी नेहमीसारखा गळत होता आणि खाली एमआयडीसीतले टँकर नेहमीसारखे हॉर्न मारत होते. मनाली दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये लागली. हुशार मुलगी, प्रश्न फार विचारते. तिच्या दोन्ही हातांत एकेक प्लेट होती. "ही बघा ना. सेफिक्झिमचा झोन एकवीस. तेवीस ते सत्तावीसमध्ये यायला पाहिजे ना? आणि ही तुमची जुनी. चोवीस. चकत्या त्याच, मीडिया तोच, दोन्ही काल मीच लावल्या." केबिनमधून डॉक्टर क्षिप्रा मॅडमनी मान वर न करता म्हटलं, "जयमालाताईंची स्ट्रेन वर्षभर एका रेषेत चाललीय. नवीनच कुरिअरमध्ये तापली असणार. शुक्रवारी सप्लायरचा माणूस येतोय, त्याला परत देऊन टाका." मनाली म्हणाली, "मलापण तेच वाटलं." मी फडक्यानं चहा पुसला. टेबल कोरडं झालं तरी पुसत राहिले. कारण खराब ती नवी नव्हती. खराब होती ती माझी, आणि अख्ख्या मजल्यावर हे एकट्या मला माहीत होतं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पेशंटच्या लघवीत, रक्तात जो जंतू सापडतो तो प्लेटमधल्या मीडियावर, म्हणजे जंतूच्या खाण्याच्या थरावर, पसरायचा, वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं की कुठल्या चकतीभोवती जंतू उगवला नाही. तिथे स्वच्छ गोल पडतो, तोच झोन. तो गोल पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचा. मोठा असला तर औषध चालतं, लहान असला तर चालत नाही. डॉक्टर त्यावर गोळी लिहितो नाहीतर सुई लिहितो. पण मोजणाऱ्याची पट्टी बरोबर आहे हे कोण सांगणार? चकत्या शिळ्या झाल्या, मीडिया पातळ झाला, तर? म्हणून एक ओळखीचा जंतू ठेवतात. जगभर तोच. त्याला नाव नाही, नंबर आहे. त्याचा गोल केवढा यायला हवा हे छापलेलं आहे, आणि तेवढा आला नाही तर दोष जंतूचा नाही, आपला. बाकी सगळ्यांवर शंका घ्यायची, त्याच्यावर नाही. वीस वर्षं मी नव्या पोरींना हे घोकून घेतलंय. "रेफरन्स स्ट्रेन म्हणजे आपला साक्षीदार, त्याला हात लावताना अंगठी काढून ठेवायची," असं नाक वर करून सांगायची मी. मॅडमसुद्धा मला घाबरून असतात थोड्या. लेबल वाकडं चिकटवलं तर मी ते काढायला लावते. मनालीनं एकदा पेनानं खाडाखोड केली तर मी तिला पान परत लिहायला लावलं होतं, सगळ्यांसमोर. ती रडली होती. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्या साक्षीदाराची मूळ कुपी येते ती फ्रीजरमध्ये जपायची. दर महिन्याला तिच्यातून एक नळी काढायची, ती महिनाभर वापरायची, मग फेकून पुन्हा मूळ कुपीकडे जायचं. नियम साधा आहे. नळीतून नळी करत बसायचं नाही, कारण दर वेळी तो जंतू थोडा थोडा बदलतो. पण मला मूळ कुपी मोडवत नसे. आमच्या घरी विरजण कधी विकत आणलं नाही. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याचं परवाच्या. आई म्हणायची, ज्या बाईचं विरजण मोडतं तिचा संसार बघायला नको. सातारा सोडून मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा आईनं डब्यात विरजण बांधून दिलं होतं, ते पनवेलपर्यंत आंबून फसफसलं. तर मी लॅबमध्येही तेच केलं. नळीतून नळी, नळीतून नळी. मूळ कुपी जपली, जपली, आणि शेवटी तिची तारीख उलटून गेली तेव्हा कळलं की नुसती जपलीच. गेल्या एप्रिलमध्ये एका सोमवारी नळी उघडली तर आत भलताच जंतू पसरलेला, बुरशीसारखा वास. कुपीतून काढून बघितलं, काहीच उगवलं नाही. मॅडमना सांगायचं तर एक वाक्य होतं. "मॅडम, माझी स्ट्रेन गेली, नवी मागवा." बस. आठ दिवसांत आली असती. कुणी फासावर चढवणार नव्हतं. पण ते वाक्य मनालीसमोर म्हणावं लागलं असतं. खाडाखोडीवरून जिला रडवलं तिच्यासमोर. माझ्यानं नाही झालं ते. मेलं माझं नाक!

त्याच दिवशी टेबलावर पुतळाआईची प्लेट होती.

पुतळाआई म्हणजे आमची शिरवण्याची घरमालकीण. लग्नानंतरची नऊ वर्षं आम्ही तिच्या चाळीतल्या मागच्या खोलीत काढली. सुभाष, माझा नवरा, तळोज्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टला. मी दिवसभर एकटी, कुणाची बोली कळायची नाही. पहिल्या आठवड्यात मी वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले, विरजण मागायला. सुकट निवडत होती ती. म्हणाली, "विरजन मांगाला लाजतेस? आत ये." चमचाभर मागितलं, वाटीभर दिलं, वर म्हणाली, वाटी परत आणशील तेव्हा रिकामी आणू नको. त्या विरजणावर मी नऊ वर्षं दही लावलं. पोरीचा जन्म झाला तेव्हा रात्री उठून पाठ शेकली ती हिनंच. शेतं सिडकोत गेली, मिठागर गेलं, मग गोटीरामनं, तिच्या मुलानं, चाळ पाडून चार मजले चढवले. आम्हीही फ्लॅट घेऊन द्रोणागिरीला गेलो. पण पुतळाआई तीच. आणि ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले म्हणणारी. शिरवणं, दारावं, करावं, कुठेही मांडव पडला की रिक्षा पहिली तिच्या दारात. शंभर बायका मागे झेलायला असल्या तरी तिचा आवाज वेगळा कळायचा, खारा, सरळ. मला सातारकरणीला पहिल्यांदा ते ऐकून का कोण जाणे, रडूच आलं होतं.

तर गेल्या एप्रिलमध्ये तिला लघवीला जळजळत होतं. मी येता येता सॅम्पल घेऊन आले होते, घरचं माणूस म्हणून. नोंद केली नव्हती, नंबर टाकला नव्हता. प्लेटवर नुसतं पेन्सिलीनं 'पु' लिहिलेलं. आणि जंतू काय सुंदर आला होता! तोच वाण, आमच्या साक्षीदाराच्याच जातीचा, गुळगुळीत, एकसारखा, प्रत्येक औषधाला हात जोडणारा. सेफिक्झिमचा, म्हणजे साध्या गोळीचा, गोल सत्तावीस. काठावर, पण आत. मी प्लेटकडे बघितलं, रिकाम्या नळीकडे बघितलं. मनाली जेवायला गेली होती. दोन मिनिटांचं काम. सुईच्या टोकाएवढं उचललं आणि नव्या नळीत घातलं, आणि माझ्या त्या कौतुकाच्या अक्षरात लेबलवर साक्षीदाराचा नंबर लिहिला. लेबल सरळ चिकटवलं. त्याही वेळी डोक्यात काय आलं असेल? की शेजारून विरजण उसनं आणलं, झालं. नवी कुपी येईपर्यंत. पण नवी कुपी मागवायची तर जुनी का संपली ते सांगायला लागणार. मग मे गेला, जून गेला. पुतळाआईला त्या वेळी साधी गोळी लागू पडली, पाच दिवसांत ती बरी झाली, आणि तिचा जंतू आमच्या फ्रीजमध्ये नंबर लावून सगळ्या नवी मुंबईला मापं देत बसला.

आणि चार्ट! दर आठवड्याला साक्षीदाराचा गोल मोजून भिंतीवरच्या चार्टवर ठिपका द्यायचा. एप्रिलमध्ये माझे ठिपके वरच्या काठाला चिकटलेले होते, सत्तावीस, सत्तावीस. मला झोप लागायची नाही. मग पावसाळ्यात ते हळूहळू खाली यायला लागले. सव्वीस, पंचवीस. अगदी मधोमध. मला वाटलं, बाई, सुटले. जंतू सुधारला! काय पण अक्कल. वीस वर्षांचा अनुभव, आणि ठिपका मध्ये आला म्हणून हरखलेली मी. फेब्रुवारीत तपासणीला दिल्लीहून एक वयस्कर सर आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून तो चार्ट जवळून पाहिला आणि म्हणाले, इतकी स्थिर रेषा मी क्वचित बघतो, कोण करतं हे? मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाता जाता सर त्यांना म्हणाले, वर्ष होत आलं, आता एक नवी कुपीही मागवून ठेवा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून केक आणला, त्यावर माझं नाव. मनालीनं फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय. तो मी सुभाषला पाठवला, सुभाषनं त्याच्या कंपनीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो शिरवण्याला गोटीरामकडेही गेला. त्यानं अंगठा पाठवला. तो फोटो मी अजून पुसलेला नाही. हातच जात नाही त्याच्यावर.

मंगळवारी दुपारी मनाली जेवायला गेल्यावर मी चकत्यांचा डबा उघडला. त्याच्या झाकणाला पावसाळ्यात चीर गेली होती आणि मी चिकटपट्टी लावली होती. डब्यात ओल टिपणारे दाणे असतात, कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी होतात. गुलाबी होते. जुलैपासून गुलाबी होते, मला माहीत होतं, उद्या भट्टीत घालून सुकवू, उद्या घालू. आणि ठिपके छान येत होते ना मधोमध, मग घाई कशाला? आता सगळं एका क्षणात डोक्यात नीट लागलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला स्टूल ओढून बसावं लागलं. चकत्या ओल धरून कमजोर झाल्या होत्या. खरा साक्षीदार असता तर त्यानं जुलैतच ओरडून सांगितलं असतं. एकवीस! काल आलेल्या त्या नव्या कुपीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर आम्ही तिलाच खोटी ठरवलं. माझा उसना जंतू मुळातच मऊ, कमजोर चकतीलाही दबणारा. तो गप्प बसला. आणि तेवढे महिने पेशंटचे गोल लहान लहान पडत गेले, आणि मी खाली लिहीत गेले: चालत नाही, चालत नाही, चालत नाही. अमुक गोळी चालत नाही. तमुक चालत नाही. सुई चालते. त्या सुईच्या चकतीला ओलीनं काही होत नाही, ती तेवढी ठणठणीत होती.

मग सप्टेंबर आठवला. गणपती नुकतेच गेलेले. गोटीरामचा फोन, "ताई, आईला परत तोच त्रास, या टायमाला ताप पन हाय." या वेळी मी शहाणपणानं रीतसर नोंद केली होती, नंबर टाकला होता. सेफिक्झिमचा गोल पंधरा. चालत नाही. मीच मोजला, मीच सही केली, मीच फोन करून सांगितलं की गोळ्यांनी भागणार नाही, डॉक्टर सुई देतील ती घ्या, घाबरू नका. दहा दिवस सुया. ताप गेला. दिवाळीला फराळ घेऊन गेले तर ती टीव्ही मोठ्यानं लावून बसलेली, मी दारातून तीनदा हाक मारली. "कानात भुंगा शिरलाय गो," म्हणाली, हसत. मी म्हणाले, वय झालं पुतळाआई. असंच म्हणाले मी. त्या सुईनं कान जातात हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला ते तिथे, फराळाचं ताट हातात धरून, आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पण लागलीच दुसरा विचार आला होता: इलाज नव्हता, दुसरं काही चालतच नव्हतं, रिपोर्टमध्ये आहे. माझ्या सहीचा रिपोर्ट मी माझ्याच समाधानासाठी वापरला.

चिवट निघालेले जंतू आम्ही एका पेटीत जपून ठेवतो. पुतळाआईचा सप्टेंबरचाही होता. मंगळवारी मी तो बाहेर काढला, बुधवारी दोन प्लेटवर पसरला. एकीवर त्या डब्यातल्या चकत्या, दुसरीवर फ्रीजरमधल्या सीलबंद पाकिटातल्या नव्या. मनालीनं विचारलं, "काय लावलंत ताई?" मी म्हटलं, "असंच." त्या दोन दिवसांत, सांगायला लाज वाटते, माझ्या सहीनं सत्तावीस रिपोर्ट बाहेर गेले. त्याच चकत्यांचे. मी सही करताना अक्षर बिघडू दिलं नाही. घरी सुभाष म्हणाला, "बरं नाही का?" मी म्हणाले, "उकडतंय." रात्री दूध कोमट करून विरजण लावायला घेतलं आणि चमचा हातात धरून कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिले. मग दूध तसंच झाकून ठेवलं. मनात हिशेब चालू होता, अगदी नीच हिशेब. समजा, गोल दोन्हीकडे पंधराच आला तर? तर सुई बरोबरच होती. तर मी फक्त खोटारडी, दुसरं काही नाही. खोटारडेपणा चालून जातो. देवा, पंधरा येऊ दे, असं मी म्हणाले. एका म्हाताऱ्या बाईच्या अंगात चिवट रोग निघावा म्हणून मी देवाला हात जोडले.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. डब्यातल्या चकतीचा गोल पंधरा. सीलबंद चकतीचा वीस. एकोणीसच्या वर गोळी चालते. मी पट्टी फिरवून परत मोजलं, उजेडाकडे धरून मोजलं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. वीस. गोळीनं बरी झाली असती. एक गोळी, सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर. मला एकदम फेब्रुवारीतलं गोटीरामचं बोलणं आठवलं, फोनवर, त्या केकच्या फोटोनंतर दोन-चार दिवसांनी. करावे गावात लग्न होतं. आई धवल्याला गेली होती. मागच्या बायका थांबल्या तरी ती म्हणतच राहिली, सूर भलतीकडे, तिला कळलंच नाही. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. नवरीच्या आईनं तिचा हात धरून खाली बसवलं. "आता नाय जात कुठं. रिक्षा आली तं पाटवून देते परत. टेन्शन घेतलंय तिनं." मी म्हणाले होते, कानाचं मशीन घ्या ना, हल्ली चांगली येतात. कपाळ माझं! असलं बोलताना माझी जीभ कशी झडली नाही?

दिवसभर मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत तीनदा गेले. दर वेळी काहीतरी दुसरंच विचारून परत आले. पाच वाजता शेवटी एवढंच केलं की नव्या कुपीच्या डब्यावर जाड पेनानं लिहिलं, 'परत देऊ नये. जयमाला', आणि दोन्ही प्लेट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून निघाले. बसनं शिरवण्याला. आणि बसमध्ये खिडकीशी बसून मला माझाच डाव कळला. मी पुतळाआईकडे आधी का निघाले होते? मॅडमकडे का नाही? कारण पुतळाआईला ऐकू येत नाही. तिच्याजवळ बसून, तिचा हात हातात घेऊन, हळू आवाजात सगळं सांगता येईल. सांगितल्याचं पुण्य मिळेल आणि ऐकणारं कुणी नसेल. ती मान डोलावेल, मी डोळे पुसीन, चहा पिऊन घरी जाईन. असा हलकटपणा माणूस किती सहज करतो! डाव कळूनही मी उतरून परत फिरले नाही. उलट बरंच वाटत होतं.

गावात संध्याकाळची वर्दळ होती. गोटीरामच्या बिल्डिंगखाली ओट्यावर पुतळाआई बसलेली, पाय पसरून, परातीत सुकट निवडत. समोर दोन बायका भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या, भाडेकरूंची पोरं सायकली फिरवत होती. गोटीराम गाडी पुसत होता. "या ताई, आज इकडं कशा?" म्हणाला. पुतळाआईनं माझी सावली बघून वर पाहिलं. चेहरा असा फुलला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कवा आयलीस? बस. पोरगी बरी हाय?" मी तिच्याजवळ टेकले, अगदी खेटून. तिच्या हाताला सुकटीचा वास. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि सुरुवात केली, जमिनीकडे बघत, पुटपुटत. "पुतळाआई, माझी एक चूक झालीय..." आणि मी बोलत गेले, भराभर, कुपी, नळी, चकत्या, सप्टेंबर. सगळं. खरोखर सगळं बोलले मी, पण इतक्या हळू की माझं मलाच नीट ऐकू आलं नसतं. बोलून झालं. मी श्वास सोडला.

पुतळाआई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. परात बाजूला सारली तिनं. कानामागे हात धरला. "मोठ्यान बोल गो," ती म्हणाली. "मना काय आयकाला येत नाय."

मी म्हणाले, "काही नाही." हातानंही खूण केली, काही नाही म्हणून.

"काय नाय कसं? रडतेस तं." आता तिचा आवाज चढला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा जातो ते कळत नाही. भाजीवाला बघायला लागला. "सुभास काय बोलला काय तुना? मोठ्यान बोल. मी हाय ना."

गोटीराम फडकं टाकून जवळ आला. "काय झालं ताई?" मी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्याला वाटलं घरातलं काही असेल, तो भला माणूस, आईच्या खांद्यावर थोपटून ओठ मोठे करून म्हणाला, "काय नाय आये, थकलीय ती. चहा सांगतो." संपलं होतं. चहा आला असता. मी उठले असते. वाटीभर काहीतरी तिनं बांधून दिलं असतं, नेहमीसारखं. पण ती माझं मनगट सोडेना. ती माझ्या ओठांकडे बघत होती, नुसती बघत होती, जशी मी नव्या पोरींना सांगते प्लेटकडे बघायला, पापणी न हलवता. आणि मला दिसलं की ती आता सगळ्यांच्याच ओठांकडे अशी बघत असणार, दिवसभर, गावभर. करावे गावातल्या मांडवात तिनं त्या हसणाऱ्या पोरींच्या पदरांकडेही असंच बघितलं असेल, पदरामागे काय ते कळावं म्हणून.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "माझं विरजण नासलं होतं!" मी ओरडले. कसली सुरुवात ही? पण तिला कळेल अशी तीच होती. "मी तुमचं घेतलं! न विचारता!"

दोन्ही बायका वळल्या. सायकली थांबल्या. पुतळाआईनं भुवया वर केल्या, आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही सुटल्यासारखं हसू आलं की ती हसता हसता माझ्या गुडघ्यावर थापट्या मारू लागली. "विरजन?" ती सगळ्या गल्लीला सांगत होती, "विरजन नेलं म्हनून रडते येडी! आगो, विरजन मांगाला आजून लाजतेस? कवा पन ने. सगलं ने!" बायका हसल्या. गोटीरामही हसला. भाजीवाला हसत हसत पुन्हा वजन करू लागला. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं होतं, कशासाठी ते न कळता.

"संपलं नाही अजून, पुतळाआई," मी म्हणाले.

तिला ऐकू गेलं नाही. ती परात पुन्हा मांडीवर ओढत होती. मी परात धरली, बाजूला ठेवली, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन माझ्याकडे वळवला. तिचं हसू अजून तसंच होतं. गोटीरामचं कमी झालं होतं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. मी मोठा श्वास घेतला आणि शिरवण्याच्या त्या गल्लीत, जमेल तेवढ्या मोठ्यानं, पुन्हा ओरडले, "तुमचे कान माझ्यामुळं गेले!"